थरथर कुणाची?

४ फेब्रुवारी

पोस्टमनच्या कानाला आज वस्तरा लागला. तीस वर्षांत पहिल्यांदा! रक्त थेंबभरच, पण त्याने आरशात बघितलं, मी बघितलं, शेजारच्या खुर्चीवर काम करणाऱ्या माझ्या कारागिरानेही बघितलं. पोस्टमन भला माणूस. "असू द्या हो, दुसरा आहे की!" सगळे हसले. मीही हसलो आणि हात टॉवेलाखाली घातला. थरथरत होता.

उजवा हात. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं.

इथे लिहून ठेवतो, कारण दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही. हिला तर नाहीच नाही.

५ फेब्रुवारी

सकाळी पुन्हा तेच. गाडीवरून उतरलो, दुकानाचं कुलूप उघडायला गेलो तर किल्ली भोकाभोवती नाचतेय!

बाबांचं असंच सुरू झालं होतं. आधी किल्ली, मग सही, मग चमचा. वस्तरा खाली ठेवला तेव्हा ते एकोणसाठ वर्षांचे होते. त्यानंतर नऊ वर्षं जगले, आणि शेवटची चार वर्षं घास दुसऱ्याने भरवायचा. मी भरवायचो, ही भरवायची. ते तोंड उघडायचे पण आमच्याकडे बघायचे नाहीत.

मी अठ्ठावन्न.

८ फेब्रुवारी

हिने विचारलं, "या वर्षी घाटावर कधी निघायचं?" दरवर्षी मार्चात आम्ही दोघं या मोटरसायकलवर घाट चढून पलीकडच्या तळ्याकाठी चार दिवस राहतो. बावीस वर्षं झाली, एकदाही चुकलं नाही. मुलगी लहान होती तेव्हा तिला आजोळी टाकून गेलो, लोकांनी नावं ठेवली तरी गेलो.

मी म्हटलं, गाडीचं थोडं काम काढलंय, हँडल थरथरतं.

थाप नव्हे! थरथरतंच. साठच्या वर गेलं की मुठींत मधमाश्या शिरल्यासारखं होतं. बोलून गेलो आणि मग डोक्यात प्रकाश पडला. थरथरतंय कोण? गाडी की मी? दुकान घरापासून सव्वीस किलोमीटर, रोज हमरस्त्याने जाऊन येऊन. गाडी हात हलवते की हात गाडी हलवतो, हे मला सांगता येत नाही! गाडीचं असेल तर पाना घेऊन बसता येईल. माझं असेल तर कुठल्या दुकानात सुटा भाग मिळतो?

गाडी सव्वीस वर्षांची आहे. काहीतरी झिजलं असणारच. असू दे रे बाबा काहीतरी झिजलेलं.

९ फेब्रुवारी

दुकानाला सुट्टी. दिवसभर मागच्या अंगणात, शेडमध्ये. पुढचं चाक उतरवलं, त्याच्या दांड्यावर दोन स्टुलांमध्ये टांगलं आणि फिरू दिलं. दर वेळी तीच बाजू खाली येऊन थांबते. म्हणजे ती जड! समोरच्या बाजूला शिशाचे तुकडे चिकटवत गेलो. चौथ्या तुकड्याला चाक कुठेही सोडलं तरी तिथेच थांबायला लागलं.

हात मात्र दिवसभर अगदी शहाण्यासारखा वागला. मला गाफील ठेवतोय बहुतेक.

१० फेब्रुवारी

चाकाने काही फरक नाही. मधमाश्या आहेत तिथेच.

१३ फेब्रुवारी

लवकर घरी आलो आणि कोनसेट काढला. हँडल ज्या बेअरिंगवर फिरतं तो. पुढचं चाक अधांतरी करून हँडल हळूच फिरवलं तर बरोबर मध्यावर अडतंय. सापडला चोर! इतका आनंद झाला की एकटाच "हां!" म्हणून ओरडलो.

जुना सेट ठोकून काढताना त्यातली एक बारीक गोळी उडाली ती थेट अंगणातल्या मोरीत. अर्धा तास सुतळीला लोहचुंबक बांधून मोरीत सोडत बसलो. ही दारात येऊन उभी. "काय, मासे लागतायत का?" शेवटी गोळी लागली. मग आठवलं, नवीन सेटमध्ये नवीन गोळ्या येतात! हिला नाही सांगितलं. तेवढी अब्रू राहू दे.

१४ फेब्रुवारी

हँडल आता बोटाने फिरतं. थरथर तशीच.

१८ फेब्रुवारी

या गाडीला कार्बोरेटर दोन आहेत. दोघांनी हवा सारखी ओढली नाही तर इंजिन कुरकुरतं. त्यांचं भांडण मिटवायचा घरगुती उपाय म्हणजे पारदर्शक नळी. लाकडी पट्टीवर इंग्रजी यू सारखी बसवायची, पोटात थोडं ऑइल, दोन टोकं दोन कार्बोरेटरांना. जो जास्त ओढतो त्याच्याकडे ऑइल चढतं. मग मधला स्क्रू केसभर फिरवायचा आणि थांबायचं. पुन्हा केसभर. पहिल्याच झटक्यात डावीकडच्याने ऑइल गिळलं आणि अंगणभर निळा धूर! शेजारीण खिडक्या लावून मोकळी झाली.

दीड तासाने दोन्हीकडे ऑइल एका रेषेत. इंजिन असं गुरगुरायला लागलं की मला तिथून उठवेना.

स्क्रू फिरवताना उजवा हात जरासुद्धा हलला नाही. मुद्दाम बघत होतो.

१९ फेब्रुवारी

इंजिन सुधारलं, पण मुठी तशाच. दुकानात पोहोचल्यावर पाच मिनिटं हात बगलेत धरून उभा होतो. कारागिराला म्हटलं, थंडी वाजतेय. तो म्हणाला, "पंखा बंद करू का?" म्हटलं, नको, उकडतंय!

२० फेब्रुवारी

आता तिऱ्हाईताचा हात हवा होता. मेहुणा आला होता बहिणीला भेटायला. त्याला म्हटलं, एक चक्कर मारून ये आणि हँडल कसं वाटतं सांग. पेट्रोल पंपापर्यंत जाऊन आला. उतरला तोच हसत. "लोणी आहे, दाजी, लोणी! कुठाय थरथर?"

चहा तसाच ठेवून शेडमध्ये जाऊन बसलो. चाक ठीक, कोनसेट ठीक, कार्बोरेटर ठीक, मेहुण्याचे हात ठीक. उरलं कोण?

२१ फेब्रुवारी

सगळ्या दाढ्या कारागिराकडे दिल्या. कुणी विचारलं तर सांगायचं, खांदा धरलाय.

२४ फेब्रुवारी

हिला म्हटलं, गाडी विकून टाकू या. जुनी झाली, भाग मिळत नाहीत. ही कपड्यांच्या घड्या घालत होती. माझ्याकडे चांगलं निरखून बघितलं. "घाट होऊ द्या. मग बघू."

घाट कसला होतोय! अवघड वळणावर हात दगा देईल आणि मागे ही बसलेली असेल. त्याच्यापुढे विचारच करवत नाही. भीती वाटते. लिहून टाकतो सरळ: मला फार भीती वाटते. मरायची नाही. ही चमचा घेऊन समोर बसेल आणि मी हिच्याकडे बघणार नाही, त्याची.

२७ फेब्रुवारी

आज जे झालं ते नीट, क्रमाने लिहिलं पाहिजे. माझाच विश्वास बसत नाहीये.

दुपारी मिस्त्री आले केस कापायला. हे पूर्वी गॅरेज चालवायचे, आता बंद केलंय. नंबर लागेपर्यंत बाकावर बसले आणि वाचायला वर्तमानपत्र उचललं. पंख्याने पानं उडतात म्हणून गठ्ठ्यावर मी दोन जाड लोखंडी गोळे ठेवतो. मिस्त्रींनी त्यातला एक हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"हँडलची वजनं इथे काय करतायत?"

मी म्हटलं, कसली वजनं? शोभेच्या टोप्या आहेत त्या. ऑक्टोबरात शेड घातली, तर मागच्या दाराच्या चौकटीतून हँडल जाईना. दोन्हीकडे बोट-बोटभर अडायचं. म्हणून टोकांच्या टोप्या काढल्या, रबरी बुचं लावली. आता गाडी आरामात आत जाते.

मिस्त्री माझ्याकडे बघतच राहिले. "शोभेच्या? अहो, अर्धा किलो लोखंड कोण शोभेला लावतं! ही मुठींची थरथर खातात. हे काढून तुम्ही रोज हमरस्त्याने येता? बोटांना मुंग्या येत नाहीत?"

मी कापता कापता थांबलो. कात्री हातात तशीच.

"हात थरथरत असेल तुमचा, उतरल्यावर," मिस्त्री म्हणाले. अगदी सहज! हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं.

म्हटलं, पण मेहुण्याला काहीच नाही जाणवलं. "किती वेगाने गेला होता?" मेहुण्याला तिथूनच फोन लावला. म्हणाला, "वेग कसला दाजी, चप्पल घातलेली, तुमची गाडी पडली तर ताई जीव घेईल. दुसऱ्या गिअरमध्येच जाऊन आलो." गाढव! तो आणि मी, दोघंही.

नऊ हजारांचे पाने-पक्कड घेऊन अंगणात बसलो होतो मी, आणि दुखणं वर्तमानपत्रांवर बसलेलं. माझ्याच हातांनी ठेवलेलं.

मिस्त्रींचे केस फार वेळ कापले. फार सुंदर कापले.

२८ फेब्रुवारी

वजनं बसवली. हमरस्त्यावर ऐंशीपर्यंत नेली. मधमाश्या गेल्या! हेल्मेटमध्ये मोठ्याने गाणं म्हटलं, चाल चुकली तरी म्हटलं. दुकानाचं कुलूप पहिल्या फटक्यात उघडलं. बंद केलं, पुन्हा उघडलं. पुन्हा बंद केलं. कारागीर म्हणाला, "आज उघडायचं आहे ना दुकान?"

संध्याकाळी गाडी दारात अडली, अर्थात. रात्रभर पुढच्या दारी राहील.

१ मार्च

हिला सगळं सांगितलं. पोस्टमनचा कान, बाबा, मोरीतली गोळी, सगळं. ऐकून घेतलं. मध्ये एकदाही हसली नाही, मोरीच्या वेळीसुद्धा. मग म्हणाली, "महिनाभर एकट्याने?" म्हटलं, तू घाबरली असतीस. "बरं," म्हणाली. आणि लगेच, "उद्या डॉक्टरकडे जायचं. लोखंडाचं प्रमाणपत्र मला चालत नाही."

दारासाठी सुतारालाही तिनेच फोन केला. "चौकट मोठी करा, पण गाडीचं काही काढायचं नाही."

२ मार्च

डॉक्टरांनी हात पसरायला लावले, नाकाला बोट लावायला लावलं, गोल गोल रेघ काढायला लावली. खोलीत चालवलं. बाबांचं सांगितलं तेही लिहून घेतलं. मग म्हणाले, "काहीही नाही. नसा थरथरीने बधिर व्हायच्या आणि बाकीचं भीतीने. महिनाभर स्वतःच्या हाताकडे टक लावून बसलं तर माझाही थरथरेल."

मी विचारलं, नक्की? ते म्हणाले, "शनिवारी दाढीला येतो. तुमच्याच खुर्चीवर. वस्तऱ्याने."

जीव भांड्यात पडला. जिन्यात बसून घेतलं दोन मिनिटं. ही शेजारी बसली, पाठीवर हात ठेवून. येणारे-जाणारे वळून बघत होते. बघेनात का!

७ मार्च

डॉक्टर खरंच आले. गळ्यापाशी वस्तरा असताना डोळे मिटून घोरायला लागले.

९ मार्च

सुतार चौकट वाढवून गेला. गाडी वजनांसकट आत जाते, दोन्हीकडे बोटभर जागा उरते. ऑइल बदललं, चेन ताणली, गाडीच्या मागच्या सामानाच्या पेट्यांच्या कड्यांना तेल दिलं. ही दोनदा येऊन गाडीभोवती फिरून गेली. सीटची उंची विचारली. म्हटलं, बावीस वर्षं बसतेस, आज उंची काय विचारतेस? "सहज."

११ मार्च

पोस्टमन. दाढी, वस्तऱ्याने. दोन्ही कान शाबूत.

१४ मार्च

घाटाच्या पायथ्याशी चहाला थांबलो. ही हेल्मेट न काढताच म्हणाली, "चावी द्या." मला वाटलं पेटीतलं काही हवंय. तर पर्समधून एक कार्ड काढून हातात ठेवलं. लायसन्स. हिचा फोटो. मोटरसायकलचं! तारीख २२ डिसेंबर.

"तुमचा हात मला नोव्हेंबरातच दिसला होता," म्हणाली. "बाबांना मीही भरवलंय. म्हटलं, यांनी गाडी खाली ठेवली तरी घाट सुटायला नको यांचा. तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते."

शेजारच्या मैदानात दोन फेऱ्या मारून घेतल्या तिने आणि अख्खा घाट गाडी चढवली. मी मागे बसून रडलो. हेल्मेटमध्ये कुणाला दिसतंय!