तांब्याच्या तारेची बाटली

बा, या देशात दाद मागायला कोर्ट आहे, तहसील आहे, तक्रारपेटी आहे. पण गोळीसोड्याची गोळी आत ढकलायचं प्लास्टिकचं टोपण हरवलं तर कोणाच्या दारात उभं राहायचं, हे कुठंच लिहिलेलं नाही. आज रिसोडच्या एसटी स्टँडवर हा अन्याय मी सोसला. गोळीसोडा आता नव्यानं आलाय, निळा, पिवळा, नाही नाही त्या रंगांचा. दुकानदार म्हणाला, "काका, टोपण हरपलं. अंगठ्यानं दाबा ना!" दाबला. गोळी हलली नाही, अंगठा मात्र सुजला. बाटली तशीच परत दिली आणि कोरड्या घशानं कार्यक्रमाला गेलो. कापसाची पऱ्हाटी उपटून दगड झालेला तुझा अंगठा आठवला आणि मग तू डोक्यातून गेलाच नाहीस.

कार्यक्रम म्हणजे एका औषध दुकानदारानं जमवलेल्या जुन्या बाटल्यांच्या संग्रहाचं उद्घाटन. मी पेपरात चिमटे काढणारं सदर लिहितो, म्हणून फीत कापायला मी. हातात कात्री दिली की चिमटे थांबतात, असा समज असावा. माणूस वाईट नाही. भंगारवाल्यांच्या मागे हिंडून, पडक्या विहिरींचा गाळ उपसून त्यानं हे सगळं मिळवलंय. डोस कळावा म्हणून कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली औषधाची बाटली, शाईच्या दौती, उरुसात विकायच्या अत्तराच्या कुप्या. आणि हिरवट काचेच्या गोळीसोड्याच्या बाटल्या, अंगावर मंगरूळपीरच्या त्या सोडा फॅक्टरीचं नाव उठवलेलं. मी एक हातात घेतली, गोळी खुळखुळवली, पोरासारखा खूश झालो. मग त्यानं मला मधल्या काचपेटीपाशी नेलं. खाली मखमल, वर दिवा, आत एकच बाटली. तिच्या मानेला तांब्याची तार गुंडाळलेली. कार्डावर लिहिलेलं : 'खास ग्राहकांसाठी राखीव. अत्यंत दुर्मिळ.'

खास!

मंगरूळपीरचा बाजार आहे. ऊन रणरणतंय, मी तुझं धोतर धरून सोड्यासाठी रडतोय. 'फॅक्टरी' म्हणजे एक खोली आणि हातानं फिरवायचं एक यंत्र. दारात पाण्याचं टिपाड, त्यात बाटल्या गार होतायत. सोडेवाला टिपाडात हात घालत नाही. आपल्याला पाहून तो बाहेरच्या कोनाड्यातली तारेची बाटली उचलतो. तू म्हणतोस, "थे नाई. टिपाडातली दे." तो हसतच म्हणतो, "तुमची हेच हाय ना भाऊ. बौद्धपुऱ्याची. धुऊन, भरून देतो की." तू मला काखोटीला मारतोस आणि चालू लागतोस. मी हातपाय झाडतोय. हापशापाशी उतरवून तू माझ्या तोंडावर पाणी मारतोस. "चूप! सोडा पाजीन तुले. पन त्या तारेचा नाई."

यंत्र एक, पाणी एक, गॅस एक. सोवळं फक्त काचेला. आणि आता त्या काचेला मखमल!

मी त्या औषध दुकानदाराला सांगितलं, ही तार कोणासाठी होती ते. त्याचा चेहरा उतरला. "भाऊ, मले खरंच मालूम नोतं. पन आता कायले उकरता? लोकं लेकरं घेऊन येतात, फोटो काढतात." मग त्याला तोडगा सुचला. "असं करतो, तारच काढून टाकतो. मिटलं!" आणि त्यानं खिशातून पेटीची किल्ली काढली.

"तारेले हात लावू नका!" मी इतक्या जोरात ओरडलो की चहा घेणारे पाहुणे थबकले. शिवाय फितीची कात्री अजून माझ्या हातातच होती. बा, इतकी वर्षं ती तार आपल्या माणसांच्या ओठांशी होती, तेव्हा कोणाला सोडवता आली नाही. यांना टोचली तर दोन मिनिटांत निघते!

"मंग कार्डावर काय लिहू?" तो म्हणाला. मी कोरं कार्ड मागितलं आणि लिहिलं : 'बौद्धपुऱ्यातल्या गिऱ्हाइकांनी दुसऱ्या बाटलीला तोंड लावू नये म्हणून सोडेवाला ही खूण बांधत असे.' त्यानं दोनदा वाचलं. "अक्षर जरा बारीक काढलं असतं त..." पुटपुटला, पण कार्ड त्यानं स्वतःच्या हातानं पेटीत ठेवलं. तेवढं त्याच्या पदरात घालतो.

परतताना पुन्हा स्टँडवर थांबलो. टोपण सापडलं नव्हतंच. दुकानापुढच्या गार पाण्याच्या टबात हात घातला, हाताला लागली ती बाटली काढली, चांगला अंगठा लावून सगळा राग त्यात घातला. फट्ट! उभ्यानं प्यायलो. तुझ्याकडे माझा एक सोडा बाकी होता, बा. तुझ्या वतीनं आज मीच पाजला. आता तू मोकळा.

हे पत्र टाकायचं कुठं? कुठंच नाही. म्हणून एक लिहून टाकतो. त्या दिवशी मी रडत होतो ते टिपाडातल्या बाटलीसाठी नव्हे. मला तारेचीच हवी होती. उन्हात ती सगळ्यांत जास्त चमकत होती आणि मला वाटलं होतं, ही खास आपल्यासाठी ठेवलीय.