ओवाळणीचा फोन

प्रिय दादा,

हे पत्र तुझ्या युनिटच्या पत्त्यावर पोचेपर्यंत मी फोनवर तुला दोन-चार वेळा 'सगळं बरं आहे' म्हणाले असेन. ते खोटं नाही. फक्त दमलेय.

आधी बातमी. मी रूट केलेला फोन सोडला. मलकापूरच्या मोबाईल दुकानात सुट्टीभर बसून तू ही विद्या शिकलास आणि मलाही शिकवलीस. 'फोन आपला, तर चावी बी आपलीच पायजे,' म्हणायचास. रूट करायचं म्हणजे कंपनीनं घातलेली कुलपं तोडायची, नको ती अ‍ॅप उपटून टाकायची. मला ते स्वातंत्र्यच वाटायचं. होस्टेलच्या मुलींना त्यावर भाषणं द्यायचे. पण बँकेचं अ‍ॅप रूट ओळखून बंद पडायचं, मग ते लपवायची युक्ती शोधा, पुढच्या अपडेटला तीही बाद. सुट्टीचा दिवस त्यातच जायचा. शेवटी कंटाळले. नोकरी लागल्यावर गुगलचा एक वापरलेला पिक्सेल फोन घेतला आणि त्यावर खासगीपणा जपणारी दुसरी सिस्टीम टाकली. गंमत बघ, गुगलपासून लांब राहायचं तर फोन गुगलचाच लागतो! यात रूट नाही. सिस्टीम टाकून झाली की कुलूप परत लावायचं. लावताना मला हरल्यासारखं वाटलं.

तू दिलेला तो फोन आठवतो. सांगलीतलं माझं पहिलं वर्ष. आपल्या घरात पदवीपर्यंत कुणी गेलं नव्हतं, आणि 'एकटी पोरगी तिथं कशी ऱ्हाणार' म्हणत आबा मला परत आणायच्या बेतात होते. भाऊबिजेला तू ओवाळणीच्या तबकात फोन ठेवलास, रूट करूनच, आणि म्हणालास, 'शिकू द्या की आबा, मी हाय न्हवं.'

तेव्हापासून तुला सगळं कळायचं. मी कृष्णेच्या घाटावर जाऊन बसले की तुझा फोन, 'वारं सुटलं असंल, स्वेटर घाल गं.' आई गल्लीभर सांगायची, 'भावाला आतनं कळतंय बघा.' मीही ते खरं मानलं. कॉलेजातल्या अवधूतबरोबर घाटावर बसले, त्या संध्याकाळी तू एवढंच विचारलंस, 'आज उशीर झाला व्हय खोलीवर जायला?' ज्याला आतून कळतं त्याच्याशी खोटं बोलवेना. म्हणून मी अवधूतला भेटणंच बंद केलं. यंदा वैशाखात त्याचं लग्न झालं.

तू दिलेल्या फोनमधलं काय काय नव्यात न्यायचं ते बघत होते, तेव्हा सिस्टीममध्ये खोल दडवलेलं एक अ‍ॅप सापडलं. मी कुठं आहे ते थोड्या थोड्या वेळानं तुझ्या मेलवर पाठवणारं. रूट केल्याशिवाय ते तिथं बसलंच नसतं. मी रागावले नाही, असं लिहिणार होते. रागावले. मग तू त्या बर्फात चौकीवर बसून नकाशावरचा माझा एवढासा ठिपका बघतोयस असं डोळ्यांपुढं आलं, आणि रागही दमला. तो ठिपका नसता तर तू आबांपुढं माझ्यासाठी इतक्या ठामपणे उभा राहिला असतास का, तेही मला सांगता येत नाही. आईला काही बोललेले नाही. तिचं 'आतनं कळतंय' तसंच राहू दे.

पत्र लिहायचं कारण उमा आहे. आपली धाकटीही आता सांगलीत शिकायला आलीय, आणि या भाऊबिजेला तिच्यासाठी तू फोन घेऊन ठेवलायस, असं आई सांगत होती. दादा, तो बॉक्स उघडू नकोस. सील आहे तसं तबकात ठेव. काळजी वाटली तर तिला विचार. ती खोटं बोलली तर बोलू दे. आबांपुढं मात्र पूर्वीसारखाच उभा राहा. मलाही विचारत जा. आज मी न विचारताच सांगते. घाटावर बसून हे लिहितेय, एकटीच. वारं सुटलंय. स्वेटर घातलाय.

विचारलंस की सांगणारी,
तुझीच दीपमाला