माप म्हणजे माप

२ फेब्रुवारी, सकाळी ९.१०
निवृत्त होऊन आज बरोबर एक महिना झाला. आराम पुरे. हिचं शिलाई मशीन बेडरूमच्या कोपऱ्यात कव्हर घालून धूळ खात पडलंय. आजपासून ते माझ्या ताब्यात. अठ्ठावीस वर्षं ड्रॉइंग ऑफिसात काढली, पंपाच्या एकेका पार्टची ड्रॉइंग्ज केली, मिलिमीटरच्या दहाव्या भागाची चूक खपायची नाही. त्यामानाने कापड म्हणजे पोरखेळ.

छंद वगैरे लोकांना सांगायला. खरा प्रोजेक्ट वेगळाच आहे. लेकीला नोकरी लागलीय, लांब, थंड मुलखात, हॉस्पिटलात. २९ मार्चला ती जाणार, दोन वर्षांसाठी. जाताना तिच्या अंगात बापाच्या हातचा कोट पाहिजे. आमच्यात फारसं बोलणं होत नाही. भांडण नाही काही. मी घरी यायचो तेव्हा ती अभ्यासाला बसलेली असायची, पुढे मी घरी यायचो तेव्हा ती ड्यूटीवर असायची. राहून गेलं ते राहूनच गेलं. आता कोट.

प्लॅन: पहिला आठवडा पिशव्या, मग उशीचे अभ्रे, मग कोट. १५ मार्चला काम पूर्ण. पुढचे दोन आठवडे मोकळे. त्यात हिला एक गाऊन.

३ फेब्रुवारी
सुईत दोरा ओवला. चाळीस मिनिटं लागली. सुईचं भोक कंपनीने चुकीच्या जागी पाडलंय. ही म्हणाली, मशीनची सुई अशीच असते, भोक टोकालाच असतं. मग आधी सांगायचं.

५ फेब्रुवारी, दुपारी
पिशवी नंबर एक पूर्ण. आधी कागदावर तिन्ही बाजूंनी ड्रॉइंग काढलं, मगच कात्री हातात घेतली. टीप अगदी सरळ आली. चारी बाजूंनी सरळ. पिशवीला तोंड राहिलं नाही.

ही म्हणाली, आत चिंध्या भरून टेकायला वापरू असं म्हणणार होते, पण तुम्हाला लागेल म्हणून गप्प बसले. म्हणजे बोललीच. मी म्हटलं, पहिला नग हा फक्त ट्रायल असतो. इंडस्ट्रीत सगळीकडे असंच चालतं.

९ फेब्रुवारी
पिशवी नंबर दोन. मेहुण्याला फायली न्यायला हवी होती. फाइल मोजून घेतली, त्याच मापाची पिशवी शिवली, तोंड उघडं ठेवलं. फाइल आत जाईना. मेहुण्याला म्हटलं, फाइलीत कागद फार कोंबले आहेस तू. तो म्हणाला, फाइल रिकामी आहे. या माणसाला पहिल्यापासून वाद घालायची सवय.

११ फेब्रुवारी
उशीचा अभ्रा शिवला. उशी अर्धी आत, अर्धी बाहेर. हल्ली उशा अवाढव्य येतात.

१३ फेब्रुवारी
ही माझ्या परस्पर खालच्या मजल्यावरच्या शिवणबाईंना घेऊन आली. त्या क्लास घेतात. मला शिकवणीची गरज नाही हे मी चेहऱ्यावरून दाखवलं. बाईंनी मी बेतलेले कापडाचे तुकडे उलटसुलट करून पाहिले आणि विचारलं, तुम्ही माया ठेवत नाही का?

राग आला, पण आवाज चढवला नाही. म्हटलं, ठेवतो की. भरपूर आहे. दाखवत नाही इतकंच. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, निदान दीड बोट तरी ठेवत जा.

दीड बोट! माया काय बोटांनी मोजायची चीज आहे? यांच्या क्लासात काय शिकवतात ते कळलं. सरळ टेक्निकल काम, त्यातसुद्धा यांना भावना आणायच्या असतात. चहा घेऊन गेल्या.

१६ फेब्रुवारी, सकाळी ८.३०
लेकीला कोटाचं सांगितलं. ती म्हणाली, बाबा, खरंच? आणि लगेच हात पसरून मापाला उभी राहिली.

छाती ८६. कंबर ७०. खांदा ३८. बाही ५८. उंची ९५.

काहीतरी सांगत होती. माझ्या तोंडात टाचण्या, त्यामुळे उत्तर देता आलं नाही. मापाला टाचण्या लागत नाहीत, असं ही नंतर म्हणाली. मी शिवणबाईंच्या खिडकीतून पाहिलंय, त्यांच्या तोंडात असतात.

२१ फेब्रुवारी
हिच्या आग्रहाखातर आधी जुन्या चादरीचा ट्रायल कोट शिवला. घट्ट झाला. लेकीला म्हटलं, तुझं वजन वाढलंय. ती हसली. ही हसली नाही.

पुन्हा माप घेतलं. छाती ८६. बाकीही तेच. म्हणजे टेप सैल पडलाय. जुना आहे, ताणला गेला असणार. नवा आणतो.

२३ फेब्रुवारी
नवा टेप. माप नंबर तीन. छाती ८६, खांदा ३८, बाही ५८. दोन्ही टेप सारखेच ताणलेले निघाले. बाजारात दर्जा म्हणून राहिलेला नाही.

खांद्याचा उतार कोनमापकाने मोजला, बावीस अंश. हे कोणता शिंपी करतो? लेक तिकडच्या रूमबद्दल की रूममेटबद्दल बोलत होती. म्हटलं, बोलताना खांदे हलतात. मग ती बोलायची थांबली, पण उभी राहिली.

१ मार्च
मधले पाच दिवस मशीन बंद. बॉबिनमध्ये दोऱ्याचा गुंता. मी उघडलं आणि सगळे भाग क्रमाने मांडून ठेवले. जोडल्यावर एक स्क्रू उरला. मशीन चालू आहे. उरलेला स्क्रू जादाचाच असावा.

आजचं वेळापत्रक: कोटाचं कापड बेतायचं. सुधारित वेळापत्रक: उद्या.

७ मार्च
माप नंबर चार, खात्रीसाठी. सगळं तेच. लेक माझ्या हातातल्या वहीत डोकावून म्हणाली, बाबा, किती सुंदर अक्षर आहे तुमचं. ड्राफ्ट्समनचं अक्षर आहे, असणारच. पुढेही काहीतरी विचारत होती. मी बाहीचा आकडा विसरलो तर पुन्हा मोजावं लागलं असतं, म्हणून बोटानेच थांब म्हटलं.

८ मार्च, दुपारी ४
लोकरीचं कापड बेतलं. निळं, मऊ, हिनेच पसंत केलं. माप म्हणजे माप. खडूच्या रेषेवर कात्री, इकडे नाही, तिकडे नाही. वाया गेलेलं कापड माझ्या एका मुठीत मावलं. हिला मूठ उघडून दाखवली.

तिने विचारलं, माया ठेवली ना? म्हटलं, आता तूही सुरू झालीस का. ठेवली. सगळी यातच ठेवली आहे. ही निश्चिंत होऊन आत गेली. बायकांना तेवढं ऐकलं की पुरतं.

१४ मार्च
उद्याची डेडलाइन पाच दिवस पुढे. कारणं: (१) डावी बाही उजवीकडे लागली. (२) उसवली आणि पुन्हा उजवीकडेच लागली. (३) शेजारी ड्रिल मशीन चालू असतं.

आज लेकीनेच येऊन विचारलं, माप घ्यायचंय का. खरं तर गरज नव्हती. पण आली आहे तर कॉलरचं घेतलं, आणि बाकीचंही. माप नंबर पाच. बराच वेळ उभी होती. माप संपलं तरी उभीच. शेवटी मीच म्हटलं, झालं, जा आता.

२० मार्च, सकाळी ११.१५
कोट पूर्ण. हॅंगरला लावून दाराला टांगलाय. अस्तर, कॉलर, सहा काजं. सगळं मी केलं. लांबून पाहिला, जवळून पाहिला. एकही टाका वाकडा नाही. ही दोन मिनिटं कोटाकडे पाहत होती आणि मग माझ्या पाठीवरून हात फिरवून गेली. आयुष्यात इतकं छान काही आपल्या हातून झालंय असं वाटलं नव्हतं. लेकीला रविवारी सुट्टी आहे, तेव्हा घालायला देईन.

२२ मार्च, रविवार
बाह्या कोपरापर्यंत गेल्या, तिथे अडकल्या. हिने मागून ओढलं, मी पुढून. शेवटी गेल्या. पुढचे दोन्ही पल्ले काही जवळ येईनात. मध्ये चार बोटांचं अंतर. लेकीने श्वास रोखून धरला आणि म्हणाली, बाबा, मस्त झालाय, आतून स्वेटर नाही घातला तर येईल. तिने काहीच घातलं नसतं तरी आला नसता.

मग काढता येईना. दोघांनी धरून काढला. लेक हसत होती, हसता हसता तिचे डोळे भरले. मी म्हटलं, कापड आटलंय. कोट अजून धुतलेलाही नाही, हे मलाही माहीत आहे.

२३ मार्च
कोट घेऊन स्वतः खाली शिवणबाईंकडे गेलो. म्हटलं, थोडा सैल करून द्या. त्यांनी कोट उलटा केला, शिवणींवरून बोट फिरवत गेल्या. सगळ्या शिवणी पाहून झाल्यावर हळूच विचारलं, माया कुठाय?

मी म्हटलं, सगळी यातच आहे हो.

त्या मला खुर्चीवर बसायला म्हणाल्या. एका मुलीचं ब्लाउज, म्हणजे क्लासातलं सॅम्पल, आतून उलगडून दाखवलं. शिवणीच्या आत दीड बोटाची पट्टी होती. याला माया म्हणतात म्हणाल्या. मापापेक्षा जास्त सोडलेलं कापड. शिवताना ते आत जातं. पुढे घट्ट झालं तर उसवून त्यातलंच बाहेर काढायचं. ती असली तर कपडा सुधारतो. मी रेषेवर कापलं आणि रेषेच्या आत शिवलं. प्रत्येक शिवणीत एक सेंटिमीटर गेला. कोटाला सात उभ्या शिवणी. सात सेंटिमीटर. वर श्वास घ्यायला जागा म्हणून काही सोडायचं असतं, तेही सोडलेलं नाही.

उसवून काढायला आत काही नाही. शिवणबाई म्हणाल्या, काम मात्र फार सुबक आहे तुमचं. तोंडात मारल्यासारखं झालं. जिना चढून वर आलो.

२४ मार्च
नवा प्लॅन. तेच कापड आणायचं, नवा कोट, पाच दिवसांत. दुकानदार म्हणाला, तो रंग संपला, पुढच्या महिन्यात येईल. त्याला २९ तारखेचं सांगून पाहिलं. तो तरी काय करणार.

२६ मार्च
दोन्ही कुशीत काळ्या पट्ट्या जोडायचं ठरवलं. पहिली पट्टी लावतानाच सुई मोडली. दुसरी सुई घातली, मशीन अडकलं. रिपेअरवाला सोमवारी येईल. सोमवार ३० तारखेला आहे. मशीनसमोर बसून होतो. ही दोनदा जेवायला बोलावून गेली. काय करावं काही सुचत नाही.

२८ मार्च, संध्याकाळ
लेकीला सांगितलं, कोट होत नाही. मला जमलं नाही असं म्हणायचं होतं, पण कोट होत नाही एवढंच म्हटलं. ती म्हणाली, असू दे हो बाबा. मग कपाटातून एक राखाडी कोट काढून बॅगेवर ठेवला. दुकानातला. घालून दाखव म्हटलं. अंगाला बरोबर बसला, हात वर केले तरी ओढला जात नाही. चांगला आहे म्हटलं. खरंच चांगला आहे.

२९ मार्च, सकाळी ७.४०
गेली. गाडीत बसताना तिने वाकून मिठी मारली. काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, तिकीट आतल्या खिशात ठेव.

३० मार्च
रिपेअरवाला आला, मशीन ठीक करून गेला. आता घरात हवी तेवढी शांतता आहे, शिवायला काही घेतलं नाही.

दुपारी हिला विचारलं, तो राखाडी कोट कधी घेतला तिने. ही भाजी निवडत होती. म्हणाली, जानेवारीतच. नोकरीची ऑर्डर आली त्याच आठवड्यात.

म्हणजे मी पहिलं माप घेतलं त्याच्या आधी. मग पाच पाच वेळा माप द्यायला कशाला उभी राहिली, असं विचारलं. हिने हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, तेवढ्या निमित्ताने तुमच्याजवळ उभं राहता येत होतं तिला. काही काही सांगायचं होतं जायच्या आधी.

वही मागे चाळली. पाचही मापं तारखेसकट आहेत. छाती ८६, खांदा ३८, बाही ५८. ती काय म्हणत होती ते कुठेही लिहिलेलं नाही आणि आठवायला बसलो तर एक वाक्य धड आठवत नाही. हिला विचारलं, तुला ठाऊक असेल ना. ही म्हणाली, मला कसं ठाऊक असणार, ते तिने तुम्हाला सांगितलं होतं.