दाराबाहेरचा तज्ज्ञ

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळी ९.१०
आजपासून समुपदेशन केंद्रात रुजू. पद: स्वागतकक्ष सहायक. म्हणजे टेबल, फोन, भेटींची वही, किल्ल्या आणि पाण्याचा जार. हे तात्पुरतं आहे. २८ तारखेला इथं सहायक समुपदेशकाची जागा भरणार आहेत. ती माझी. अर्ज देऊन टाकला. 'शिक्षण' या रकान्यात 'मानसशास्त्र' लिहिलं. 'पूर्ण/अपूर्ण' यांपैकी कशावरच खूण केली नाही. शिक्षण कधी कुणाचं पूर्ण होतं का?
कॉलेज मी सोडलं, कॉलेजनं मला नाही. सरांनी निबंधावर लाल पेननं लिहिलं, 'हे तुम्हाला कुणी सांगितलं?' मी तिथंच त्यांच्या तोंडासमोर निबंध टराटरा फाडला. तो दुसऱ्याच मुलाचा निघाला. तरी तत्त्व ते तत्त्व.

दुपारी ४
मॅडमना भेटलो. मुख्य समुपदेशक. साठीच्या, कापडी बूट, आवाज इतका हळू की आपणच पुढे वाकावं. इथं निरनिराळ्या मुलखांतली, भाषांतली माणसं येतात. विचारलं, या सगळ्यांना समजून घेणारा तज्ज्ञ बनतो कसा? म्हणाल्या, तेच शोधतेय, बत्तीस वर्षं झाली.
कीव आली.
त्यांनी कर्मचाऱ्यांच्या नियमांची चौदा पानी पुस्तिका दिली. उद्या वाचतो.

मंगळवार, ४ फेब्रुवारी
तिला पाहिलं.
दुभाषी आहे. ज्यांना इथली भाषा येत नाही त्यांच्याबरोबर आत बसते. कानामागे पेन्सिल. मला म्हणाली, तीनची वेळ आहे ना? मी एकदम भारदस्त 'हो' म्हणणार होतो. आवाज फुटला नाही. मान हलवली. ती हसली.
आता काही शिल्लक राहिलं नाही. ठरलं, हीच.
पुस्तिका: आज मन थाऱ्यावर नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी
तज्ज्ञ होण्याचं गुपित सापडलं. बत्तीस वर्षं नाही, दोन तास लागले. तक्ता! डावीकडे माणसांचे प्रकार, उजवीकडे त्यांच्याशी कसं वागायचं. डोंगराकडचे: डोळ्यांत बघू नये. बंदरावरचे: मोठ्यानं बोलावं. थंड मुलखातले: हात मिळवून लगेच सोडावा.
सकाळी एक गवंडी आला. चेहऱ्यावरून डोंगराकडचा. मी वीस मिनिटं त्याच्या बुटांकडे बघत बोललो. शेवटी त्यानं विचारलं, बुटाला काही लागलंय का? म्हटलं, तुमच्या डोंगरात कसं असतं? तो म्हणाला, कसला डोंगर, मी मागच्याच गल्लीतला.
तक्ता बरोबर आहे. माणूस चुकीचा आला.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
मॅडमच्या दाराबाहेर एक डबी असते. चालू केली की सारखं शूऽऽ करते, म्हणजे आतलं बोलणं बाहेर ऐकू येत नाही. ती चालू ठेवणं माझं काम. डोकं उठतं त्या आवाजानं. तीनला बंद केली. पाचच मिनिटांसाठी.
आत मॅडम, ती, आणि शिवणवाल्या बाई. या बाई साठीच्या, परमुलखातून आलेल्या, कपडे शिवतात. त्यांचा मुलगा त्यांना आणून सोडतो. ऐकलंय की पाच महिने त्या आत येऊन नुसत्या बसत होत्या. एक शब्द नाही.
दाराशी पाण्याचा जार पुसत होतो (तो पुसावाच लागतो). बाई त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटल्या. आणि मग माझ्या दुभाषीचा आवाज, स्पष्ट, आपल्या भाषेत: "घरात माझं कुणी ऐकत नाही."
काळजात चर्र झालं. आत ती स्वतःचं मन मोकळं करतेय! आणि तेही एका पेशंटसमोर. ही मॅडमची काहीतरी नवी सामूहिक पद्धत दिसते. बिचाऱ्या शिवणवाल्या बाई तिला मधूनमधून धीर देत असाव्यात.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
निश्चय: तिचं मी ऐकणार.
आज दुपारी तिला म्हटलं, बोल, मी ऐकतोय. ती म्हणाली, मी काही बोललेच नाही, भेटींची वही हवी होती. वही दिली. मॅडम म्हणतात तसं हळूहळू उलगडतात माणसं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
घरी ताईनं विचारलं, तू नक्की काय करतोस तिथं? म्हटलं, मनं उलगडतो. ताई म्हणाली, आधी तुझ्या कपाटातले कपडे उलगड, वास येतोय.
हिला घरातल्या तज्ज्ञाची किंमत नाही. भांडलो. दार आपटलं. बोट सापडलं. बोटावर फुंकर घालत लिहितोय.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
डबी आज पूर्ण वेळ बंद. बिघडली असावी. (बटण मीच दाबलं, पण दाबताना ती बिघडल्यासारखी वाटली.)
ती म्हणाली: "ज्याच्याशी बोलायचं तो रोज समोर बसलेला असतो. पण तोंडच उघडत नाही माझं."
रोज समोर कोण बसतं? टेबलामागे? मी!!
मग म्हणाली: "गुडघे गेलेत. जिना चढताना जीव जातो." वय जेमतेम पंचवीस. आणि रोज दोन मजले चढून येते, हसतमुखानं! केवढं सोसतेय.
मॅडमनी आज एका तासात नऊ वेळा म्हटलं, मला माहीत नाही, तुम्ही सांगा. मी मोजलं. मी त्यांच्या जागी असतो तर नऊच्या नऊ वेळा सांगून मोकळा झालो असतो.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी
तिच्या पर्समध्ये गुपचूप गुडघ्याच्या तेलाची बाटली ठेवली. बूच सैल होतं.
तिनं सगळ्यांसमोर विचारलं, हे कुणी केलं? मी गप्प राहिलो. प्रेम बोलून दाखवायचं नसतं. तिच्या पर्समधले सगळे कागद तेलकट झाले. गुडघ्यांचं अजून कळलं नाही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी
हादरलो.
आज शिवणवाल्या बाईंची जादा वेळ होती. डबी बंद. ती म्हणाली: "नवरा जाऊन दीड वर्ष झालं."
ती विधवा आहे! पंचविसाव्या वर्षी!
अर्धा तास जिन्यात बसलो. मग ठरवलं. मी पुरोगामी माणूस आहे. मला काही फरक पडत नाही. उलट माझं प्रेम जास्त उदात्त झालं. संध्याकाळी घरी जाहीर केलं की मी एका विधवेशी लग्न करणार. आई म्हणाली, कर की, पण तिनं तुला हो म्हटलंय का? बाबांनी पेपर खाली ठेवून विचारलं, तिला तुझं नाव तरी माहीत आहे का? असले प्रश्न जुन्या पिढीलाच सुचतात.
ता. क. ती असंही म्हणाली की 'नातवाला उचलून घेता येत नाही.' दिराचा नातू असणार. मोठं कुटुंब दिसतंय.

गुरुवार, २० फेब्रुवारी. दुपारी ४.२०
हे लगेच लिहून ठेवतो.
 आत आज शिवणवाल्या बाई बोलल्या. खूप वेळ, थांबत थांबत. आणि मग ती, तितकीच थांबत थांबत: "तो पलीकडच्या खोलीत होता. त्यानं हाक मारली. मी ऐकली. कपडे दुसऱ्या दिवशी द्यायचे होते, बाही राहिली होती. म्हटलं, एवढी बाही संपवते. बाही संपवून गेले तेव्हा तो नव्हता. मुलाला सांगितलंय की तो झोपेत गेला."
मॅडमनी काहीच विचारलं नाही. एवढ्या नाजूक क्षणी गप्प! मी असतो तर तीन उपाय सुचवले असते.
मला रडू आलं. जार पुसायच्या फडक्यानंच डोळे पुसले.
निश्चय: हे ओझं तिला एकटीला वाहू द्यायचं नाही. तिला एवढंच सांगायचं, तुझा दोष नाही. हेच खरं समुपदेशन. योग्य वेळ, शांत जागा, मृदू आवाज. आरशासमोर अकरा वेळा म्हटलं. ताई बाहेरून म्हणाली, कुणाचा दोष नाही? बाथरूम कधी रिकामं करतोस?

सोमवार, २४ फेब्रुवारी
उद्या सांगणार. आवाज तयार आहे. पुस्तिका टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली घातलीय. निदान त्या उपयोगाला आली.

मंगळवार, २५ फेब्रुवारी
नीट लिहितो. काय झालं ते नीट लिहिलं की कळेल, माझी चूक फार मोठी नव्हती.
पावणेतीनला शिवणवाल्या बाई बाकावर होत्या. शेजारी त्यांचा मुलगा, चौकटीच्या शर्टातला, इथंच लहानाचा मोठा झालेला, आपली भाषा आपल्यापेक्षा चांगली बोलणारा. तो आणि माझी दुभाषी त्यांच्या भाषेत बोलत होते. त्यानं काहीतरी म्हटलं, ती खळखळून हसली. माझ्याशी बोलताना ती एवढी कधी हसली नाही. तेलाच्या दिवशी तर अजिबात नाही.
माझं डोकं फिरलं. मी उठलो आणि त्याला म्हणालो, हसवतोस काय हिला? हिनं काय भोगलंय, ठाऊक आहे तुला? हिचा नवरा पलीकडच्या खोलीतून हाक मारत होता, आणि ही बाही शिवत बसली, उठली नाही, बाही संपवून गेली तेव्हा तो मेलेला होता! तरी मी हिला दोष देत नाही! मी हिच्याशी लग्न करणार आहे!
आवाज मृदू नव्हता. मागच्या गल्लीतल्या गवंड्यालाही ऐकू गेला असेल.
तो मुलगा तिच्याकडे बघत नव्हता. तो त्याच्या आईकडे बघत होता.
बाईंना माझे शब्द कळले नाहीत, पण मुलाचा चेहरा कळला. त्यांनी दुभाषीकडे बघितलं. तिनं मान खाली घातली. मुलगा उठून बाहेर गेला. बाई दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या.
दुभाषी मला म्हणाली, अगदी हळू, जवळजवळ मॅडमसारखी: ते माझं नव्हतं. आत मी जे बोलते त्यातलं एक अक्षर माझं नसतं. बाई 'मी' म्हणाल्या की मीही 'मी' म्हणते, म्हणजे समोरच्याला त्यांचंच बोलणं ऐकल्यासारखं होतं. सगळे दुभाषी असंच करतात. पुस्तिकेच्या दुसऱ्या पानावर आहे.

संध्याकाळी ६
टेबल उचलून पुस्तिका काढली. आहे.
पण दुसऱ्या पानावर का? एवढी महत्त्वाची गोष्ट पहिल्या पानावर नको?

संध्याकाळी ६.२०
पहिल्या पानावर लिहिलंय: डबी कधीही बंद करू नये.

गुरुवार, २७ फेब्रुवारी
मॅडमनी मायलेकांना फोन करून बोलावलं. मला वाटलं, येणार नाहीत. आले. मुलगा चार पावलं मागे. आत दीड तास. डबी चालू होती. मी दारापासून सर्वांत लांबच्या खुर्चीत बसलो होतो. काहीही ऐकू आलं नाही. ऐकायची इच्छाही झाली नाही, किंवा थोडीच झाली.
बाहेर आले तेव्हा दोघांचे डोळे सुजलेले. जिना उतरताना मुलानं आईचा हात धरला. गुडघे त्यांचे दुखतात.
मॅडमना म्हणालो, एका अर्थानं माझ्यामुळे मायलेकांत बोलणं तरी झालं. मॅडम म्हणाल्या, तुमच्यामुळे नाही, तुम्ही असूनही. मग म्हणाल्या, उद्या अकराला आत या.
उद्या २८. निवडीचा दिवस. इतकं सगळं होऊनही बोलावलं, म्हणजे त्यांना माझ्यात काहीतरी दिसलंय. शर्ट इस्त्रीला दिला.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी
अकराला आत गेलो. अर्जाची प्रत घेऊन. आत मॅडम, दुभाषी आणि शिवणवाल्या बाई. मॅडम म्हणाल्या, बाईंना तुम्हाला भेटायचंय. आधी तुम्ही बोला.
मी बोललो. म्हणालो, मूळ उद्देश मदतीचा होता, परिस्थितीच अशी जुळून आली, संवेदनशील माणसाकडून असं होतं, शिवाय पुस्तिकेची मांडणी सदोष आहे. दुभाषी माझं एकेक वाक्य बाईंच्या भाषेत म्हणत गेली. 'मी' म्हणून. माझ्यासारखीच मान वर करून, माझ्यासारखेच हात हलवून. भाषा कळत नव्हती, पण फुशारकी कळत होती. चार वाक्यांनंतर मला ते ऐकवेना.
मग म्हणालो, डबी मी बंद केली. दाराशी उभं राहून मी ऐकलं. चुकलो. तिनं हेही सांगितलं. हे सांगायला फार थोडे शब्द लागले.
 मग बाई बोलल्या. आणि ती माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली: "पाच महिने मी तेवढंच मनात जुळवत होते. मुलाला मीच सांगणार होते, माझ्या तोंडानं. ते तू माझ्याकडून घेतलंस. तू परत माझ्या नजरेला पडू नकोस."
तिच्या तोंडून 'तू' ऐकायला मी महिनाभर झुरलो होतो.
 विचारलं, हे... हे बाईंचं म्हणणं ना?
दुभाषीनं आत स्वतःचं काही बोलायचं नसतं. पान दोन. तिनं मॅडमकडे बघितलं.  तिनं कानामागची पेन्सिल काढून मांडीवर ठेवली.
म्हणाली, दोघींचं.
जागेबद्दल विचारलं नाही. किल्ल्या टेबलावर ठेवल्या, डबी चालू आहे का ते बघितलं, आणि निघालो.