पुलावरचं मुंडकं

नवव्या महिन्याचा चोविसावा दिवस

सावोवहिनीस इनेचा नमस्कार.

इकडे आम्ही ठीक. किल्ल्यात दोन वेळचा भात मिळतो, वर छप्पर आहे, तक्रार करायला जागा नाही. परसातल्या अक्रोडाला यंदा फळ धरलं का? पोरांना माझे आशीर्वाद सांगा.

सेकिगाहाराची लढाई जिंकल्यापासून इथे सगळ्यांना एकच खूळ लागलंय. असं झालं असतं तर, तसं झालं असतं तर. तुमच्या बाजूचा म्हणवणारा तो टेकडीवरचा सरदार दुपारी उतरला तो तुमच्याच लोकांवर, म्हणून आम्ही जिंकलो. तो आमच्यावर उतरला असता तर? पुरुष जेवताना भाताचे गोळे मांडून लढाई पुन्हा लढतात आणि हरलेली बाजू खाऊन टाकतात.

आम्हा बायकांकडे मुंडकी आली. रक्त धुवायचं, केस विंचरून शेंडी बांधायची, चेहऱ्याला पावडर लावायची, नावाची चिठ्ठी अडकवायची, मग ती आमच्या सरदारापुढे मांडायची. पहिल्या दिवशी मी भाताला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी त्याच हातांनी जेवले. आमच्यातली म्हातारी ओकुरा म्हणते, "नवऱ्यांपेक्षा हेच बरे गं, निमूट विंचरून घेतात." आम्ही हसलोसुद्धा.

दातवणाने दात काळे करायचं तुम्हाला ठाऊकच आहे. काळ्या दातांचं मुंडकं म्हणजे मोठ्या घराण्यातलं. म्हणून शिपाई हळूच येऊन सांगतात, पांढरे दात जरा काळे करा. माझे यजमान गेंपाची यांनीही तेच केलं. त्यांनी आणलेल्या मुंडक्याचा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत तलवारीने उभा चिरला होता, वर चिखलाचा थर. "शिलेदार दिसला पाहिजे," म्हणाले, आणि दारातच उभे राहिले.

मी ओठ वर केले. पुढचा एक दात अर्धा तुटलेला होता.

वहिनी, अक्रोड दातांनी फोडायची पैज दादाने माझ्याशीच लावली होती, तेव्हाच तो दात तुटला. वर मी सौभाग्यवती लिहिलं नाही, तेव्हाच तुम्ही ओळखलं असेल. ह्यांनी दादाला आमच्या लग्नात एकदाच पाहिलं होतं, त्या चिखलात कोण कुणाला ओळखणार? हात चालूच राहिला. एकेक दात काळा केला, तुटका धरून. मग तोंड मिटलं आणि केस विंचरले, आई विंचरायची तसे. ह्यांना घोडा मिळाला, बढती मिळाली. दादाला कुणा भलत्याच शिलेदाराचं नाव मिळालं आणि नदीच्या पुलावर खिळा.

हे मी कुणाला सांगणार नव्हते. पण काल मीठवाला तुमच्या गावाहून आला. योइचिरोदादा पळून लपलाय म्हणून तुम्हाला आणि मुलांना पाटलाच्या अंगणात बांधून ठेवलंय, बाबांची बोटं तोडली, आणि महिनाअखेर तो हजर झाला नाही तर मुलांना खांबाला बांधून भाले मारणार, असं म्हणाला. मेलेला माणूस हजर कुठून होणार?

इकडे आड, तिकडे विहीर. दादा मेलाय हे सिद्ध करायचं तर मुंडकं खोटं होतं हे उघड होणार, आणि सरदारापुढे खोटं मुंडकं मांडणाऱ्याला इथे एकच शिक्षा आहे, स्वतःच्या हाताने पोट चिरायचं. संध्याकाळी मी ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी मला इतकं मारलं की डावा डोळा अजून उघडत नाही. मला त्यांचा राग आहे, वहिनी, आणि त्यांच्याशिवाय इथे मला कुणी नाही. दोन्ही खरं आहे.

शेवटी म्हणाले, "तो टेकडीवरचा त्यांच्या बाजूने उतरला असता, तर माझं मुंडकं योइचिरोने नेलं असतं. सावोने ते धुतलं असतं. तिने काय केलं असतं?"

"मुलांचा जीव वाचणार असता, तर तिने लिहिलं असतं," मी म्हणाले.

"मग लिही."

म्हणून लिहिते. पत्र बंद केलेलं नाही. तुमच्या पहारेकऱ्यांनी आधी वाचावं, अशीच इच्छा आहे. त्यांना सांगा, पुलावरचं डावीकडून तिसरं मुंडकं उतरवा आणि दात वाळूने घासा. तुटका दात पाटलानेही पाहिलेला आहे, सगळ्या गावाने पाहिलेला आहे. पुलावर पहाऱ्याला हेच असतात. ते स्वतः खाली काढून देतील, तसं कबूल केलंय.

आज सकाळी ह्यांनी पांढरे कपडे मागितले. मी ते धुऊन वाळत घातलेत.

मुलं सुटली की पहिला अक्रोड दगडाने फोडायला शिकवा.

पत्र पोहोचेपर्यंत तुमच्यासारखीच झालेली,
इने