घशाची बोली दहावर गेली त्याची हकीकत

साडूभाऊ डेल्मर यांस,

मिल्टचा सप्रेम नमस्कार. आपला गुडघा या उन्हाळ्यात तरी कुरकुरत नसेल आणि आमची मेहुणी आर्लीन आपल्याला जेवणात मीठ कमी घालत असेल, अशी आशा आहे. माझ्या छातीवर उभी शिवण आहे; पण आतलं यंत्र उत्तम चाललंय म्हणतात. तक्रार फक्त घशाची.

हृदयाच्या ऑपरेशनच्या वेळी श्वासासाठी घशात नळी घालतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं (आमची ही, व्हर्ना, म्हणते, तीनदा सांगितलं होतं). नळी काढली तेव्हा घसा आतून खरवडल्यासारखा झाला होता आणि आवाज बंद. चाळीस वर्षं गुरांचे लिलाव पुकारणाऱ्या माणसाचा आवाज गेला, तर उरतं काय? टोपी!

अशा वेळी रोशेल नावाची नर्स भेटली. इतकी शांत बाई मी चौऱ्याहत्तर वर्षांत पाहिली नाही. चमच्याने बर्फाचा एकेक तुकडा भरवायची आणि तो गिळेपर्यंत जगात दुसरं काम नसल्यासारखी थांबायची. म्हणाली, "बोलू नका आजोबा, नुसती मान हलवा. शून्य ते दहा, किती दुखतंय? तीन?" मी हलवली. "चार?" आता साडूभाऊ, आपण याच धंद्यातले. समोरून आकडा चढत असताना मान गप्प ठेवणं आपल्याला तरी जमलं असतं का? पाचला हलवली, सहाला हलवली. सातला शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ खोकले, मला वाटलं त्यांनी बोली वाढवली, म्हणून आठला मी भुवईसुद्धा उडवली. दहावर दोन डॉक्टर धावत आले आणि घशात बॅटरी मारू लागले. शेवटी व्हर्ना ओरडली, "अहो, यांच्यापुढे आकडे नका म्हणू! चर्चच्या लिलावात यांनी माझाच केक मला विकत आणून दिलाय!"

रोशेलने मुकाट्याने वही पुढे केली. मी लिहिलं, 'चार'. मग खाली लिहिलं, 'आवाज येईल ना परत?' तिने उगाच गोड थाप मारली नाही. म्हणाली, "बहुतेकांचा येतो. तुमच्या वयात काही आठवडे लागतात. ओरडून त्याची परीक्षा मात्र घेऊ नका." मला ती बाई फार आवडली.

तेव्हा काळजी नसावी. शनिवारी जत्रेत मुलांच्या वासरांचा लिलाव दरवर्षीप्रमाणे मीच पुकारणार. आपण उन्हात येण्याची तसदी घेऊ नये.

आपला,
मिल्ट

ता. क. व्हर्नाने पत्र वाचलं आणि खरं लिहा म्हणाली. सकाळी न्हाणीघरात गुपचूप पुकारून पाहिलं, तर गंजलेल्या फाटकासारखा आवाज आला. पोरांनी वर्षभर जीव लावून वाढवलेली वासरं आहेत, त्यांचा लिलाव असा नको व्हायला. शनिवारी आपण पुकाराल का?

आणखी एक. डेल्मर लिलाव पुकारतो की शोकसंदेश वाचतो, असं मी गावभर सांगत आलोय. पण आपण वासराआधी पोराचं नाव घेता, तेव्हा ते पोर ताठ उभं राहतं. आपल्या तालुक्यात आपण पुकारता तो लिलाव मी दरवर्षी ट्रकमागे उभा राहून ऐकतो. घसा धड असता, तर हे आपल्याला कधीच कळलं नसतं.