पडद्याबाहेरचा हात

शिंदे की छावनी, लष्कर
माघ शुद्ध अष्टमी, शके १८३२

प्रिय लीला,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र परवा मिळालं. बाबा गावाबाहेरच्या झोपडीत एकटे राहतात हे कळल्याबरोबर तू पेटी भरायला काढलीस आणि "माझ्याजवळ प्लेगची सुई टोचल्याचा दाखला आहे, मला कोण अडवतंय!" असं ठसक्यात लिहिलंस. ते वाचून तुझे भाऊजी हसले. मी मात्र तव्यावरची पोळी करपवली. आधी एकच सांगते, पौर्णिमेच्या गाडीनं निघू नकोस. का, ते शेवटी सांगते. आणि हे पत्र सासूबाईंना वाचून दाखवायचं नाही. माडीवर जा, कडी लाव आणि एकटीनं वाच.

बाबांची काळजी करू नकोस, तब्येत ठणठणीत आहे. पौषात माधवगंजातल्या आपल्या माहेरच्या गल्लीत उंदीर पडले आणि दोन दिवसांत गल्ली रिकामी झाली. ज्यांच्याजवळ टोचल्याचा दाखला होता ते नातेवाइकांकडे गेले, नव्हता त्यांना मैदानातल्या झोपड्यांत जावं लागलं. तसे बाबाही गेले. मी रोज डबा पाठवते, तर रिकाम्या डब्यासोबत निरोप येतो की भाजीत मीठ कमी होतं. म्हणजे समज, माणूस खुशीत आहे. संक्रांतीला मी तीळगुळाची गजक पाठवली, ती त्यांनी शेजारच्या झोपड्यांतल्या पोरांना वाटून टाकली. संध्याकाळी तिथं पुराण सांगतात. देवळात नव्हते तेवढे श्रोते तिथं जमतात, कारण तिथून उठून जायला कोणाला जागाच नाही!

दसऱ्यापासून इथं लष्कर शहरात टोचणीशिवाय दुसरा विषय नाही, हे तू दिवाळीत पाहिलंसच. राममंदिराच्या सभामंडपात एका खांबाशी बाबा, दुसऱ्या खांबाशी तुझे भाऊजी, आणि मधे अख्खं माधवगंज. भाऊजी शाळेतल्यासारखे बोट उगारून म्हणायचे की प्लेगचा रोगी एकटा मरत नाही, आळी घेऊन मरतो. मग न टोचलेल्यानं बाजारात का फिरावं? बाबा म्हणायचे, "जावईबापू, अंग माझं आहे, पटलं तर टोचून घेईन. पण चाळीस वर्षं ज्या देवळात पुराण सांगतो तिथं जायला मी नाक्यावरच्या शिपायाला कागद दाखवू? सरदाराची बग्गी आली की तोच शिपाई मुजरा करून बाजूला होतो, आणि गवतवालीला डोक्यावरच्या भाऱ्यासकट परत पाठवतो." मागे बसलेला पेढेवाला बाबांना "सही कह रहे हैं पंडितजी" म्हणायचा आणि भाऊजी बोलले की "बात तो मास्टरजी की भी सही है." सगळे त्याला हसत. मी हसले नाही, कारण माझंही तेच झालं होतं. मला सुई पटत होती आणि कागद खुपत होता.

बाबांना कागद का खुपतो, हे त्या सभेत कोणाला ठाऊक नव्हतं. तू तेव्हा अकरा वर्षांची, आत्याकडे होतीस. मागच्या साथीत आईला ताप आला तेव्हा सरकारी माणसं आली, त्यांनी एक कागद दाखवला आणि आईला घेऊन गेली. बाबा मागोमाग निघाले, तर म्हणाले कागदावर एकच नाव आहे. चौथ्या दिवशी दुसरा कागद आला, आई गेल्याचा. मधले तीन दिवस बाबा ओटीवर ज्या जागी बसले होते, तिथं पुढे वर्षभर कोणी बसलं तरी ते उठवायचे. म्हणून बाबांना हट्टी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. हट्टी आहेतच, पण तसं म्हणायचा हक्क तुझा नि माझा.

आणि आता ऐक. मार्गशीर्षात एका सकाळी बाबा स्नान-संध्या आटोपून देवळात आले. डॉक्टर तिथं टोचायला बसले होते, त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि उपरणं बाजूला केलं. सुई झाली, तोंडातून हूं की चूं नाही. डॉक्टर दाखला लिहायला लागले तर बाबांनी त्यांच्या टाकावर हात ठेवला. म्हणाले, "सुई घेतली ती पटली म्हणून. कागद नको." डॉक्टर भला माणूस. त्यानं समजावलं, "पंडितजी, कागज नहीं होगा तो कल को झोंपड़ी में जाना पड़ेगा." बाबा म्हणाले, "रामही चौदा वर्षं राहिला. मला काय धाड भरली आहे!" आणि घरी जाऊन पुन्हा आंघोळ केली.

तर टोचून घेतलेले बाबा कागदाविना झोपडीत आहेत, हे असं आहे. तुझे भाऊजी म्हणतात की असा विरोधक देव कोणाला न देवो, वादात हरवायची सोयच ठेवत नाही. पण बाबांच्या मागून झोपड्यांतल्या तीसेक माणसांनी टोचून घेतलं. भाऊजींच्या तीन महिन्यांच्या भाषणांनी तिघांनीही घेतलं नव्हतं.

सुई त्यांना कशी पटली, ते मात्र मी तुला आजवर लिहिलं नाही. पेढेवाल्यानं त्या दिवशी विचारलंच. तेव्हा बाबा भर देवळात म्हणाले, "आमची धाकटी लीला. लहानपणी काटा रुतला तरी आळी गोळा करायची. तिनं दिवाळीत हात पुढे केला, आणि तिकडे उज्जैनला बायकांना सांगत फिरते की मुंगी चावल्याएवढंही दुखत नाही. मग मी बाप, कुठल्या तोंडानं मागे राहू?" मी नैवेद्याचं ताट घेऊन खांबाआड उभी होते. सगळे कौतुकानं माझ्याकडे बघायला लागले. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

आता ती कार्तिकातली दुपार आठव. भाऊबीज होऊन दहा दिवस झाले होते, दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तुला निघायचं होतं, दिराचं लग्न चार दिवसांवर. दाखला नसता तर स्टेशनावर दहा दिवस अडकवून ठेवलं असतं, आणि थोरल्या सूनबाईंशिवाय लग्न लागलं म्हणून तुझ्या सासूबाईंनी जन्मभर ऐकवलं असतं. आमच्या ओसरीवर माझं जुनं लुगडं आडवं बांधून पडदा केला होता. आपल्यात एवढा पडदा नाही, पण शेजारपाजारच्या बायका यायच्या होत्या. डॉक्टर बाहेर, आपण आत. कंपाउंडर नाव पुकारायचा, की जिचं नाव तिनं लुगड्याच्या फटीतून दंड बाहेर काढायचा. माझं झालं, उजवा हात, गोंदणाच्या वर. सगळ्या बायका दंड चोळत मागच्या अंगणात गेल्या. राहिलो तू, मी आणि शेजारच्या पंडितांची बायको, पंडिताइन. तू म्हणालीस, "अक्का, स्पिरिटचा वास येतोय," आणि कंपाउंडरनं "लीलाबाई, उमर अठारह" असं म्हणेपर्यंत तुझे डोळे पांढरे झाले. पंडिताइन "अरी बहू, आँखें खोल" करत पाणी मारत होती. बाहेरून पुन्हा पुकारा झाला. डॉक्टरांना अजून दोन आळ्या करायच्या होत्या.

तू शुद्धीवर आलीस तेव्हा दाखला माझ्या हातात होता. "झालं?" विचारलंस, मी म्हटलं, "झालं." "मला कळलंसुद्धा नाही!" म्हणून तू टाळ्या पिटल्यास. संध्याकाळी तुझा कोपर ठणकायला लागला, तर तू तो सगळ्यांना अभिमानानं दाखवलास. मी मात्र रात्रीपासून तापानं फणफणले. पहाटे निघायच्या आधी तू माझ्यासाठी पिठलं टाकलंस आणि हसून म्हणालीस, "एका सुईत अक्का आडवी, आणि मी बघ!" ते पिठलं मी रडत खाल्लं. तुला वाटलं, तू निघालीस म्हणून रडते आहे.

तेव्हापासून तुझं पत्र आलं की मी ते लगेच फोडत नाही. तुझ्या रमाकांतरावांनी दाखला चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावला. तुझ्या आळीतल्या बावीस बायकांनी तुझं बघून टोचून घेतलं. प्रत्येक वेळी वाटलं, आता लिहावं, आणि प्रत्येक वेळी मी तुला पापडांची कृती लिहिली. शेवटी काल तुझ्या भाऊजींना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "असे आणखी किती कागद असतील?" आणि आज सकाळी उठून थेट बाबांच्या झोपडीकडे गेले. तिथं सासरा-जावई दुपारपर्यंत बोलत बसले होते. वाद नाही, बोलत होते. आता दोघं मिळून अर्ज करणार आहेत, की टोचणीचं काम वाढवा, बायकांसाठी बाई नेमा, आणि नाक्यावर बग्गी नि गवतवाली दोघींना एकच नियम लावा. दाखला ठेवावा की नाही, यावर अजून एकमत नाही, आणि ते या जन्मी होईल असं मला वाटत नाही. तुझी गोष्ट त्यांनी बाबांना सांगितलेली नाही. ती सांगायची की नाही, हे तू ठरव.

लीला, तो हात माझा होता. उजवा माझ्या नावाचा गेला, डावा तुझ्या नावाचा. दंडावर गोंदण नसलेला म्हणून डावा. डॉक्टर बाहेरून म्हणालेसुद्धा, "इस हाथ में बड़ी हिम्मत है." पंडिताइन मला म्हणाली, "बहन हो तो ऐसी," आणि मला ते कौतुक वाटलं. तुझा कोपर दुखला तो बेशुद्ध पडताना उंबरठ्यावर आपटला म्हणून. तुला सुई लागलेलीच नाही, बाई. तुला गाडी मिळावी म्हणून मी कागद मिळवला, आणि त्या कागदाच्या जोरावर तू आता प्लेगातल्या गावात यायला निघालीस. तुझं काही झालं असतं तर मी या हातांनी पुढे काय केलं असतं, हे मनात आलं की सुचेनासं होतं. म्हणून लिहिते आहे. चौकटीतला कागद काढ आणि चुलीत घाल. उद्याच्या उद्या उज्जैनच्या दवाखान्यात जा. मी खोटं बोलले, पण तू बायकांना खोटं सांगितलं नाहीस, तुला ठाऊकच नव्हतं. फक्त आता मुंगी म्हणू नकोस. दुखतं, एक दिवस ताप येतो, आणि मग जातो. दोन घेऊन मी सांगते आहे. शिवरात्र होऊ दे, मग खुशाल ये, बाबांसाठी गजक मी आणून ठेवते. ते भर देवळात जे बोलले ते खरंच होईल, तीन महिने उशिरानं एवढंच. माझ्यावर चिडायचं असेल तर चीड, आल्यावर भांड, पण आधी टोचून घे. आणि या खेपेला मी मागे उभी नसेन, तेव्हा बेशुद्ध पडू नकोस. पडलीसच, तर शुद्धीवर ये, चार घोट पाणी पी, आणि पुन्हा हात बाहेर काढ.

तुझीच,
अक्का